३८१६५४७२९० कागद-पेनवर कसा शोधायचा

० ते ९ सगळे अंक एकेकदाच वापरायचे आणि दहा अंकी आकडा असा बनवायचा की डावीकडून पहिल्या २ अंकांना २ नं भाग जावा, पहिल्या ३ ना ३ नं, ४ ना ४ नं, अन् शेवटी अख्ख्या आकड्याला १० नं. असा आकडा एकच आहे, वर लिहिलाय तोच, ३८, ३८१, ३८१६ असं करून बघा. परभणीत मे महिन्यात दुपारी पाय बाहेर टाकायची सोय नसते, तवा पोरांपुढं हे कोडं टाका, फक्त उत्तर सांगू नका आणि मोबाईल काढून घ्या.

अंदाजानं आकडे मांडत बसलात तर ३६ लाखांच्या वर मांडण्या होतात, म्हणून कसोट्यांनी कापत जायचं. दहावा ०, पाचवा ५, हे तर फुकटच मिळतंय. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक, मग विषम जागी १, ३, ७, ९ च उरले.

आता खरी मजा. ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर चालते, तिसरा अंक विषम आहे म्हणून चौथा २ नाहीतर ६ च येणार (१२, १६, ३२, ३६ बघा की), आठव्याचंही तसंच, म्हणजे ४ आणि ८ गेले दुसऱ्या अन् सहाव्या जागी. पहिल्या तिघांना ३ नं भाग जातो, पहिल्या सहांनाही जातो, मग मधल्या तिघांची बेरीजही ३ च्या पाढ्यात पाहिजे, त्यामुळं मधे २५८ किंवा ६५४, तिसरं काही बसतच नाही.

सहावा अंक सम असल्यानं सातवा-आठवा मिळून ८ नं भाग जायला पाहिजे. २५८ घेतलं तर तिथं ९६ च बसतं, पहिले तीन १४७ किंवा ७४१, झाले दोन उमेदवार. ६५४ घेतलं तर ३२ किंवा ७२, त्यातून आठ निघतात, ते पोरांनाच काढू द्या. ९ ची काळजी कामून करायची, १ ते ९ ची बेरीज ४५ च आहे.

राहिला ७, आणि सगळे तिथंच गळतात. १००१ ला ७ नं भाग जातो, म्हणून उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून एक वजा एक अधिक करायचं. ३८१६५४७ साठी ५४७ − ८१६ + ३ = −२६६, म्हणजे ७ × ३८, पास. १८३६५४७ साठी ५४७ − ८३६ + १ = −२८८, एकानं हुकला बिचारा. बाकीचेही असेच आपटतात.

अंक परत वापरायची सूट दिली तर हा खेळ २५ अंकांपर्यंत जातो, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, ह्याच्यापुढं एकही अंक जोडता येत नाही, पण तो हातानं शोधायच्या भानगडीत पडू नका, तिथं कम्प्युटरच लावा.