टेक्स्ट गेम करायचाय? मग गोष्ट कोडच्या बाहेर काढा

पायथनचं इफ-एल्स आणि लूप जमले, आता काय करू असं कोणी ज्युनियरने विचारलं की मी टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर (नुसता मजकूर वाचत, पर्याय निवडत पुढे जायचा गोष्टीचा गेम) कर म्हणतो, ग्राफिक्सची कटकट नाही आणि चालला की घरच्यांनाही खेळायला देता येतो. १९७६ च्या आसपास विल क्राउदरने फोरट्रानमध्ये गुहेचा गेम केला त्यात शब्द टाइप करून हुकूम द्यायचे, पण ते लफडं नंतर, आधी सरळ एक-दोन-तीन असे पर्याय द्या.

समजा रात्री एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकलीये. थांबायचं का चालत फाट्यावर जायचं? बहुतेक जण इफच्या आत इफ, त्यात अजून इफ असं रचत जातात आणि थोड्या वेळाने कुठला एल्स कोणाचा तेच कळेना. त्यापेक्षा एक डिक्शनरी घ्या, म्हणजे नाव दिलं की त्याची माहिती देणारी यादी; 'स्टँड', 'टपरी', 'पूल' ही सीनची नावं म्हणजे तिच्या कीज, प्रत्येकीत मजकूर आणि पर्याय, आणि पर्यायासोबत तो नेतो त्या सीनचं नाव. मग एकच व्हाइल लूप: सीन दाखव, इनपुट घे, पुढचा सीन उचल. वीसेक ओळींत इंजिन तयार, पुढे गोष्ट वाढवताना कोडला सहसा हात लावावा लागत नाही.

खरी डोकेदुखी फांद्यांची. दरवेळी दोन पर्याय आणि दहा निर्णय म्हणजे १०२४ शेवट, कोण लिहिणार एवढे?? म्हणून वाटा परत एकत्र आणायच्या, थांबला काय नि चालला काय, दोघंही टपरीवरच पोचतात, फक्त वाटेत काय झालं ते एका सेटमध्ये (पायथनची नोंदींची पिशवीच म्हणा) ठेवायचं. चालणाऱ्याला बॅटरी सापडली तर 'बॅटरी' त्यात टाका आणि पुलावर 'खाली उजेड मारून बघ' हा पर्याय ती असेल तरच दाखवा. खेळणाऱ्याला वाटतं गेमला सगळं आठवतंय, आपलं काम मात्र एका इफमध्ये भागलं.

गेम सुरू व्हायच्या आधी सगळ्या पर्यायांवरून लूप फिरवून त्यांतली सीनची नावं डिक्शनरीत आहेत का बघून घ्या, नाहीतर एकीकडे 'पूल' दुसरीकडे 'पुल' आणि ऐन रंगात कीएरर, म्हणजे ती की सापडत नाही म्हणून गेम बंद. आणि कोणी मराठी कीबोर्डवरून १ टाइप केला तरी घाबरू नका, स्ट्रिंग म्हणून तो इंग्रजी एकाशी जुळत नाही पण मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनमधून काढला की पायथन त्याला एक हा आकडाच समजतो, फक्त कोणी आकड्याऐवजी भलतंच काही टाइप केलं तर ती चूक ट्राय-एक्सेप्टने (चूक झाली तरी गेम बंद न पाडणारी रचना) पकडून परत विचारा.