दुखापतीमुळे मैदानाबाहेर बसलेल्या खेळाडूचे मन कसे सांभाळावे

कबड्डीपटूच्या गुडघ्यातील एसीएल लिगामेंट (हाडांना जोडून गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटून शस्त्रक्रिया झाली, की सामन्यात परतण्यास सर्वसाधारणपणे 9 महिने तरी लागतात. या काळात गुडघ्याकडे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट लक्ष देतात. सरावाच्या वेळी घरात भिंतीकडे बघत बसणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे मात्र घरच्यांनी व प्रशिक्षकांनीच लक्ष द्यायचे असते. रोजचा घाम अचानक थांबल्याने झोप आणि भूक बिघडते, संघातील सोबत सुटते, आणि जागा दुसऱ्याला गेल्याची बोच लागून राहते.

सर्वांत आधी सरावाची वेळ सांभाळावी. सराव संध्याकाळी 5 ते 7 होत असेल, तर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम शक्यतो त्याच वेळी करून घ्यावेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मांडीचा स्नायू आवळून ती खाली दाबण्याचा साधा व्यायामही वहीत नोंदवावा. गुडघा किती अंशांत वाकला, सूज किती उतरली, हे दर आठवड्याला लिहिलेले असले म्हणजे ‘काहीच फरक नाही’ असे वाटणाऱ्या दिवशी मागची पाने उलटून पाहता येतात. ‘मग, पुन्हा कधी खेळणार?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यांना दारातच आवरलेले बरे.

चालता येऊ लागल्यावर मैदानावर यायचे का, हे खेळाडूलाच विचारावे. काहींना सुरुवातीला तो खेळ नुसता पाहणेही जड जाते. यायचे ठरल्यास काम द्यावे, नुसते बाकावर बसवू नये. प्रतिस्पर्धी चढाईपटू कोणत्या बाजूने आत शिरतो, समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनस रेषेकडे (जिच्यापलीकडे पाय टेकवल्यास जादा गुण मिळतो) किती वेळा जातो, याची टिपणे संघाला खरोखरच उपयोगी पडतात, आणि दिलेले काम दिखाऊ असेल तर ते खेळाडूच्या तत्काळ लक्षात येते.

नीरज चोप्रा याच्या कोपरावर 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली, आणि जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर भालाफेक करून त्याने टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. हे उदाहरण चांगले आहे. पण पहिल्या पंधरवड्यात ते सांगू नये, कारण तेव्हा ऐकून घेणारा माणूस हवा असतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, व्यायामही टाळले जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचे काही बोलले गेल्यास खेळाडूला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो.

गुडघा भरून आल्यानंतरही भीती उरते, आणि तिला भित्रेपणा म्हणणे चूक आहे. डॉक्टरांच्या परवानगीनंतर आधी मॅटवर मोकळी धाव, मग एकाच बचावपटूसमोर चढाई, मग आधी सांगून केलेली घोट्याची पकड आणि शेवटी न सांगता केलेली पकड, असा क्रम ठेवावा. एखाद्या पायरीवर पाय अडखळला तर मागच्या पायरीवर आणखी चार दिवस काढावेत. परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात ‘करो या मरो’ची चढाई (सलग दोन चढाया गुणाविना गेल्यावरची, जिच्यात गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो) त्या खेळाडूवर सोपवू नये.