सागवान घेतले, पण गाभा घेतला नाही

उद्यानरचनेत नव्याने येणाऱ्यांना साग आणि निलगिरी यांतील फरक सांगण्याची गरज नाही. मला ठेच लागली ती त्याच्या पुढच्या पायरीवर. कोकणातील एका शाळेच्या मैदानासाठी मी मुलांना उड्या मारायचे ओंडके सागाच्या गोल वाशांतून कापून घेतले आणि अर्धे जमिनीत पुरले. गोलाई सुबक होती, दरही परवडत होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका ओंडक्यात जमिनीलगत पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. ओंडका उपटला, तेव्हा बाहेरचे लाकूड ओल्या भुश्यासारखे हाताला येत होते आणि मधला मनगटाएवढा तपकिरी गाभा मात्र ठणठणीत होता.

सागाची कीर्ती ही त्याच्या गाभ्याची कीर्ती आहे. वाळवीला आणि बुरशीला रोखणारी द्रव्ये गाभ्यात असतात. सालीखालच्या पांढुरक्या थराला त्यांचे संरक्षण नसते, आणि विरळणीत, म्हणजे दाट लागवडीतून काही झाडे काढताना, तोडलेल्या कोवळ्या झाडांत हाच थर जास्त भरतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत गाडून पाहतात आणि सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणारी जात वरच्या श्रेणीत धरतात. ही श्रेणी गाभ्याची असते, हे मी वाचले होते आणि वाचून सोडून दिले होते. वखारीत जातीचे नाव विचारून थांबू नका. कापलेले टोक ओले करा, म्हणजे पांढरा थर किती आणि गाभा किती ते डोळ्यांना दिसेल. वखारवाला वैतागला तर वैतागू द्या.

डांबर फासा, जुने रेल्वे स्लीपर आणा, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेले लाकूड टिकवणारे तेल, मुरलेल्या स्लीपरवर मुलांना बसवू नये, यात मला चर्चेला जागा दिसत नाही. अमेरिकेतील उत्पादकांनीही आर्सेनिकयुक्त द्रावणात मुरवलेले लाकूड घरगुती वापरासाठी आणि खेळसाहित्यासाठी देणे २००३ च्या अखेरीस थांबवले. कॅटलॉग उघडून बोलणाऱ्या सल्लागारापेक्षा जुन्या सुताराबरोबर वखारीत काढलेली एक दुपार अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

तरीही घाबरून सिमेंटचे नकली ओंडके करू नका. बाकाला तर माती लागण्याचे कारणच नाही. त्याच शाळेत पुढे ऐनाच्या गाभ्याचे बाक जांभ्याच्या चिऱ्यांवर वीतभर उंच बसवले. खालून वारा खेळतो, पाणी साचत नाही. त्यांना उन्हाने भेगा पडल्या, पण भेग म्हणजे कूज नव्हे. ओंडके मात्र जमिनीत आहेत, म्हणून दर मे महिन्यात मी पेचकस घेऊन जातो आणि प्रत्येकाला मातीच्या रेषेवर टोचून पाहतो.