भिंतीवर चित्रं लावताना होणाऱ्या चुका, आणि त्या कशा निस्तरायच्या

नव्या घरात रंगकाम होतं, फर्निचर येतं आणि शेवटी हौसेने घेतलेली चित्रं, आजी-आजोबांचे फोटो, पितळी समया यांच्यासाठी जागा शोधायची वेळ येते. तोवर सगळे थकलेले असतात. मग कुणीतरी स्टुलावर चढतं, हात पोहोचेल तिथे खिळा ठोकतं आणि फ्रेम टांगून मोकळं होतं. बहुतेक घरांत चित्रं फार उंचावर दिसतात ती यामुळे.

वाड्यांमध्ये पूर्वजांच्या तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून लावलेल्या असत. तिथली उंची ऐसपैस होती आणि बैठक जमिनीवर होती, त्यामुळे खालून वर बघताना झुकलेली तसबीर नीट दिसे. आजच्या फ्लॅटमध्ये छत साडेनऊ-दहा फुटांवर आणि आपण सोफ्यावर. इथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर हवा. कलादालनांतही बहुतेक हाच हिशेब असतो.

खिळ्याची जागा अंदाजाने ठरवू नका. समजा फ्रेम ६० सेंटीमीटर उंच आहे आणि मागची तार ताणून धरली की ती वरच्या कडेपासून ६ सेंटीमीटर खाली येते. मग मध्याच्या १४५ मध्ये फ्रेमची अर्धी उंची, म्हणजे ३०, मिळवायची आणि ६ वजा करायचे. खिळा १६९ सेंटीमीटरवर. सोफ्यावरच्या चित्राला वेगळा नियम: सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत १५ ते २० सेंटीमीटर अंतर पुरे. जेवणाच्या टेबलाजवळ सगळे बसलेलेच असतात, तिथे आणखी थोडं खाली आणा.

आकाराची चूकही सर्रास दिसते. सहा फुटी सोफ्यावर वहीच्या पानाएवढी एकच फ्रेम हरवलेली वाटते. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश, म्हणजे चारेक फूट, एवढी जागा चित्रांनी व्यापावी. मोठं चित्र परवडत नसेल तर लहान फ्रेम्स एकत्र लावा, मधे पाच-सात सेंटीमीटर जागा सोडून. आधी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता खटकलं तर कागद सरकवायला काहीच कष्ट नाहीत.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या शत्रूकडे वळू या. तो म्हणजे पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा, अगदी पुण्यातही पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत आतून ओल धरते. वरून रंग धडधाकट दिसतो, पण फ्रेमच्या मागे कोंडलेल्या हवेत बुरशी वाढते, आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेम काढली की जलरंगावर तपकिरी ठिपके दिसतात. हे ठिपके घरच्या घरी जात नाहीत, म्हणून खबरदारी आधीच घ्यायची.

भिंत तपासायची एक सोपी युक्ती आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला दव असेल तर खोलीतली हवा दमट आहे. पहिल्या प्रकारात वॉटरप्रूफिंग होईपर्यंत त्या भिंतीवर कागदावरचं काहीही लावू नका. दुसऱ्या प्रकारात पंखा आणि खेळती हवा यांनी बराच फरक पडतो. दोन्ही प्रकारांत जी फ्रेम लावाल तिच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा नमद्याचे (जाड लोकरी फेल्टचे) छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा फिरते. पावसाळ्यात चित्र उतरवून ठेवायचं झालं तर जुन्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बांधलं की दमटपणा आतच कोंडतो.

बुरशी लागलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका आणि कडक उन्हातही ठेवू नका. चित्र सावलीत, वाऱ्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या. मग नाकाला मास्क बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने हलकेच झटका. रंग सुटताना दिसला तर तिथेच थांबा.

जुन्या फोटोंचं दुखणं निराळं. मधे माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता फोटो थेट काचेला टेकवून फ्रेम केला की दमट हवेत फोटोवरचा थर काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नका, चेहराच काचेवर राहील. काचेसकट त्याचा चांगला फोटो काढा किंवा स्कॅन करून घ्या आणि मूळ फोटो तसाच जपा. नवी फ्रेम करताना आम्लरहित माउंट मागा. साध्या पुठ्ठ्याने कागद काही वर्षांत पिवळा पडतो. आजीच्या पैठणीचा पदर फ्रेम करायचा असेल तर तो डिंकाने चिकटवू देऊ नका, सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवून घ्या. आणि या सगळ्यांना थेट ऊन नको. खिडकीसमोरच्या भिंतीवर रंग तर उडतोच, शिवाय काचेत चित्राऐवजी खिडकीच दिसते.

पितळ-तांब्याच्या बाबतीत आपण अतिउत्साही असतो. चिंच-मीठ, लिंबू लावून घासलेली समई लखलखते खरी, पण मिठाचा अंश नक्षीत राहिला की तिथेच हिरवा थर धरतो. घासल्यावर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडी करा. लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप, दिलेल्या वस्तूला मात्र आंबट काहीही लावू नका, पापुद्रे निघून ती डागाळते. जुन्या बारीक नक्षीच्या मूर्ती दर सणाला घासल्या तर नाक-डोळे झिजतात. त्यांना कोरडं मऊ फडकं बस्स. तांब्यात फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला बसवा.

शोकेसबद्दल एकच सांगते. सत्कारात मिळालेली सगळी स्मृतिचिन्हं एका वेळी मांडली की एकही बघितलं जात नाही. निम्मी कपाटात ठेवा, दिवाळीला अदलाबदल करा.

कला निवडताना माझा आग्रह आहे की बाजारातल्या छापील वारली स्टिकरपेक्षा हाताने काढलेलं एक छोटं चित्र घ्या. वारली चित्रांतला चौक हा लग्नघरी सुवासिनींनी काढायचा, पालघट या सुफलतेच्या देवीचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागद-कापडावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू-जव्हारकडे आजही उत्तम चित्रकार आहेत. सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं) हीसुद्धा आपल्या भिंतींवर शोभणारी कामं आहेत. विकत घेताना चित्रकाराचं नाव, गाव आणि साल विचारा, पेन्सिलने चिठ्ठीवर लिहा आणि ती पाकिटात घालून फ्रेमच्या मागच्या फळीला लावा. चित्राच्या पाठीवर शाईने लिहू नका, ती पुढे उतरते.

शेवटी खिळ्याबद्दल. गिलाव्यात ठोकलेला साधा खिळा जड फ्रेम फार दिवस पेलत नाही. ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसून स्क्रू घट्ट धरणारी नळी) आणि स्क्रू वापरा. नव्या इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांना वेगळी गिट्टी मिळते, दुकानात तसं सांगून मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कधीही ड्रिल करू नका, तारा तिथूनच जातात. दार आपटलं की फ्रेम वाकडी होते का? मग एकाऐवजी दोन हूक लावा आणि पाणसळ ठेवून दोन्ही एका रेषेत आहेत का ते तपासा.