‘ॲनिमल फार्म’चा ॲनिमेशनपट राजकीय अंगाने कसा पाहावा

जॉर्ज ऑरवेल यांची ‘ॲनिमल फार्म’ ही कादंबरिका ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर जॉन हलास व जॉय बॅचलर या दांपत्याने केलेला ब्रिटिश ॲनिमेशनपट १९५४ मध्ये आला. शेतमालकाविरुद्ध उठाव करून प्राणी शेत ताब्यात घेतात, पण पुढे त्यांच्यातली डुकरेच हुकूमशहा बनतात, अशी ही कथा. चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. मात्र तो पाहण्याआधी पुस्तक, निदान त्याचे शेवटचे प्रकरण, वाचून घ्यावे.

आरंभी पात्रांची ओळख पटवावी. तिघेही डुकरेच: सत्ताधीश नेपोलियन म्हणजे सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन, हद्दपार झालेला स्नोबॉल म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, आणि सत्तेच्या प्रत्येक लबाडीला तर्काचा मुलामा देणारा स्क्वीलर म्हणजे सरकारी प्रचारयंत्रणा. ही जुळणी पाच मिनिटांत होते आणि बरेच प्रेक्षक तिथेच थांबतात, हीच अडचण आहे.

त्यानंतर कोठाराच्या भिंतीवर लक्ष ठेवावे. प्राण्यांनी एकमताने लिहिलेले नियम तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत जातात. ‘कोणत्याही प्राण्याने पलंगावर झोपू नये’ या नियमापुढे एके दिवशी ‘चादरी घालून’ एवढीच भर पडलेली दिसते. नियम पुसला जात नाही, त्याला फक्त शेपूट जोडले जाते. आणि मूळ वाक्य नेमके आठवत नसल्यामुळे प्राणी आपल्याच स्मरणशक्तीला दोष देतात. अशा प्रत्येक ठिकाणी चित्रपट थांबवून आधीचा व नंतरचा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा.

सामाजिक आशय सर्वांत धारदार होतो तो बॉक्सर या घोड्याच्या प्रसंगात. आयुष्यभर राबलेला हा घोडा जायबंदी होताच त्याला खाटकाच्या गाडीत चढवले जाते. इथे रडू येणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या श्रमाचा मोबदला कोणाच्या घशात गेला हेही पाहावे. जाता जाता आवाजाकडेही कान द्यावा: डुकरांपासून घोड्यापर्यंत सगळे प्राणी मॉरिस डेनहॅम या एकाच अभिनेत्याच्या आवाजात बोलतात.

आता शेवट. पुस्तकात डुकरे आणि माणसे एकाच टेबलावर पत्ते खेळत असतात, आणि क्लोव्हर या म्हाताऱ्या घोडीची अंधूक नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरते. कोण डुक्कर आणि कोण माणूस हे बाहेरच्या प्राण्यांना सांगता येत नाही. चित्रपटात ही नजर बेंजामिन गाढवाला मिळते, मेजवानीला फक्त डुकरे असतात, आणि प्राणी पुन्हा उठाव करून नेपोलियनचे घर पाडतात. ‘पूर्वी वाईट होते, पुढेही वाईटच राहील’ अशा वृत्तीचे पुस्तकातले गाढव इथे उठावाचे नेतृत्व करते, हे मला आजही पटत नाही.

हा बदल समजून घ्यायचा तर पैशाचा माग काढावा. ऑरवेल १९५० मध्येच वारले होते, आणि लुई द रोशमाँ या अमेरिकी निर्मात्यामार्फत आलेल्या भांडवलामागे सीआयए होती, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षांनी उघड झाली. शीतयुद्धातल्या या गुप्तचर संस्थेला हुकूमशहाविरुद्धचा उठाव हवा होता. डुकरांइतकीच माणसेही, म्हणजे भांडवलशाही सत्ताही, दोषी ठरवणारे टेबल तिच्या सोयीचे नव्हते.

एवढे कळल्यावर शेवटची दहा मिनिटे पुन्हा लावावीत, पुस्तकाचे शेवटचे पान शेजारी उघडे ठेवावे, आणि त्या मेजवानीतून माणसांच्या खुर्च्या कशा उचलल्या गेल्या आहेत ते पाहावे.