जुना माल परदेशी विकताय? कस्टममध्ये पार्सल अडकवणाऱ्या या चुका टाळा

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मिळालेला जपानी कॅमेरा, माळ्यावरच्या एलपी रेकॉर्ड्स, बंद पडलेलं एचएमटी घड्याळ. मुंबईत बसून अशा वस्तूंना परदेशी गिऱ्हाईक मिळवणं आता कठीण नाही. घोडं अडतं ते कस्टममध्ये, आणि बहुतेक वेळा वस्तूपेक्षा कागदावर लिहिलेल्या दोन ओळींमुळे.

उगाच ‘अँटिक’ लिहिणं

जाहिरातीत हा शब्द खपतो, कस्टमच्या डिक्लेरेशनमध्ये तो अंगाशी येतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकताच येत नाही. एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) 9706 हाही 100 वर्षांवरच्या वस्तूंचाच. म्हणजे 1960 च्या पितळी दिव्याला ‘अँटिक’ म्हणून 9706 लावला, तर आपणच आपल्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. ‘वापरलेला पितळी दिवा, अंदाजे 1960’ एवढं पुरे. मूर्ती, जुनं लाकडी कोरीवकाम, चित्रं यांचं वय छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायन किल्ल्यावर आहे.

मोघम वर्णन, चुकीचा मूळ देश

‘ओल्ड आयटम’ किंवा ‘पर्सनल गुड्स’ लिहिलेलं पार्सल उघडलं जाण्याची शक्यता जास्त. ओळ अशी हवी (फॉर्मवर अर्थातच इंग्रजीत): ‘यूज्ड 35 एमएम फिल्म कॅमेरा, मेड इन जपान, शटर नादुरुस्त, 1 नग, 60 डॉलर’. सोबत एचएस कोड: फिल्म कॅमेऱ्याला 9006, मनगटी घड्याळाला 9102 (केस सोन्याचांदीची असेल तर 9101), छापील पुस्तकांना 4901. वापरलेल्या कपड्यांचा 6309 दिसायला सोयीचा, पण तो गाठोड्यांनी किंवा गोण्यांनी जाणाऱ्या मालाचा आहे. एका साडीला तो लागत नाही.

सर्वांत जास्त चुकतो तो मूळ देश. पार्सल मुंबईहून निघालं म्हणून कॅमेरा भारतीय होत नाही. मूळ देश म्हणजे वस्तू जिथे बनली तो, मग ती मधली 40 वर्षं दादरच्या कपाटात का असेना. अमेरिकेसारख्या ठिकाणी मूळ देशानुसार ड्यूटीचा दर बदलतो, त्यामुळे इथली चूक थेट पैशांत दिसते.

‘गिफ्ट’ आणि कमी किंमत

गिऱ्हाईकच गळ घालतं, ‘गिफ्ट लिहा ना!’ लिहू नका. ब्रिटनची 39 पौंडांची आणि युरोपीय संघाची 45 युरोंची भेटवस्तू सवलत एका व्यक्तीने दुसरीला फुकट पाठवलेल्या वस्तूंसाठी आहे. पैसे घेतले की ती विक्री. विक्रीची किंमत ऑनलाइन जाहिरातीत उघडी असते, ती ताडून बघणं अवघड नाही. शिवाय 200 डॉलरची वस्तू 20 ची दाखवली, तर हरवल्यावर भरपाई 20 च्याच हिशेबाने मिळते.

ड्यूटी कोण भरणार, हे न ठरवणं

अमेरिकेतली 800 डॉलरपर्यंतची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबली. तिथले दर त्यानंतरही बदलत राहिलेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचाच दर धरा. युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून कितीही स्वस्त मालावर व्हॅट आहे. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या मालावर ड्यूटी नाही, पण व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो.

135 पौंडांहून महाग मालाचा हिशेब असा: वस्तू 150 पौंड, टपालखर्च 40. ड्यूटीचा दर 4 टक्के धरू. ड्यूटी 190 वर लागते, म्हणजे 7.60. मग 197.60 वर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 39.52. गिऱ्हाइकाला दारात 47.12 पौंड, वर हाताळणी शुल्क. हे आधी सांगितलं नाही, तर तो पार्सल नाकारतो आणि परतीचा भुर्दंड आपल्या माथी येतो. कुरिअरला डीडीपी (ड्यूटी पाठवणारा भरतो) की डीएपी (घेणारा भरतो) हे स्पष्ट लिहून द्या.

खोका आणि आतला माल

कुरिअर वजनाबरोबर आकारही मोजतं: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. चार किलोचा रेडिओ 40 × 30 × 30 च्या खोक्यात घातला, तर बिल 7.2 किलोचं. पण खोका लहान करण्याच्या नादात रेडिओभोवतीचं पॅडिंग काढू नका. जुनं बेकेलाइट (रेडिओच्या खोक्याचं कडक प्लॅस्टिक) सहज तडकतं.

काचसामानाभोवती पेंढा अजिबात नको, गवत-मातीवरून बरेच देश माल अडवतात. ऑस्ट्रेलिया तर बुटांना लागलेला चिखलही बघते. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून ठेवा. हस्तिदंत, कासवाचं कवच, मोरपीस लावलेली वस्तू पाठवायचीच नाही, कितीही जुनी असो. पावसाळ्यात वस्तू आधी प्लॅस्टिकमध्ये सील करा, आत सिलिका जेल टाका. मुंबईची जुलैतली हवा लेन्सवर बुरशी आणते.

विक्री करून नमुन्याचा फॉर्म भरणं

विक्रीसाठी आयईसी (आयात-निर्यात कोड) काढा. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर 500 रुपयांत मिळतो. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, काहीच बदललं नसलं तरी. विसरलात तर बंद पडतो. कुरिअरने विक्रीचा माल सीएसबी-5 (कुरिअर शिपिंग बिल) या फॉर्मखाली जातो. सीएसबी-4 भेटी आणि नमुन्यांसाठी. घाईत सीएसबी-4 वर पाठवलं, तर परकी पैसे आले तेव्हा बँकेला दाखवायला निर्यातीचा पुरावा नसतो. टपालाने पाठवताना डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने होणाऱ्या निर्यातीचा फॉर्म) भरा. मुंबईचं विदेश डाक भवन बॅलार्ड इस्टेटला आहे.

परत आलेल्या पार्सलचा विचार न करणं

स्वतःचीच वस्तू परत येताना इथेही ड्यूटी मागितली जाऊ शकते. तीन वर्षांत परत आलेल्या मालाला सवलत आहे, पण गेलेली आणि आलेली वस्तू एकच आहे हे पटवावं लागतं. म्हणून सिरीयल नंबर इनव्हॉइसवरच लिहा, नंबरासकट फोटो काढा आणि निर्यातीच्या बिलाची प्रत जपून ठेवा. नंबर नसलेल्या वस्तूवरच्या पोच्यांचे, ओरखड्यांचे जवळून फोटो घ्या.