बंद मशीनमध्ये हात घालण्याआधी: कुलूप, प्रेशर आणि खात्री

चालू मशीनपासून माणूस आपणहून लांब उभा राहतो. तेच मशीन बंद दिसलं की खांद्यापर्यंत हात आत घालतो. दुरुस्ती, साफसफाई, अडकलेला माल काढणं या कामांत माणसं जायबंदी होतात ती बहुतेकदा अशी. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: हेल्मेट घाला, हातमोजे घाला, लक्ष देऊन काम करा. हा सल्ला ऐकला की मला राग येतो. फिरत्या रोलरपाशी हातमोजा वाचवत नाही, उलट आधी तोच ओढला जातो आणि त्यामागे हात जातो. अशा कामात मशीनला मिळणारी पॉवर तोडायची, ती तुटलेलीच राहील अशी सोय करायची आणि आत साठलेलं प्रेशर काढून टाकायचं. मी ते कसं करतो, ते क्रमाने सांगतो.

१. मशीनला काय काय येतं ते कागदावर लिहा: वीज, हवा, तेल, वाफ, पाणी. विजेचे फीडर, म्हणजे पुरवठ्याच्या लाइन, दोन असू शकतात: मोटर एका पॅनेलवरून आणि कंट्रोल सर्किट, म्हणजे बटणांची आणि मोटरला हुकूम देणारी वायरिंग, दुसऱ्यावरून. आठवणीवर विसंबू नका, केबल कुठून येते ते डोळ्यांनी बघा.

२. ऑपरेटरला आणि आजूबाजूच्यांना सांगा, मग मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबवा.

३. आयसोलेटर, म्हणजे मशीनचा वीजपुरवठा तोडणारा मुख्य स्विच, ऑफ करा, हवेचे, तेलाचे, वाफेचे व्हॉल्व्ह बंद करा. इमर्जन्सी स्टॉप दाबून काम सुरू करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ते बटण कंट्रोल सर्किट तोडतं. पॅनेलमध्ये सप्लाय तसाच असतो आणि बटण कोणीही फिरवून सोडवू शकतो. त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

४. प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. पाच जण काम करत असतील तर पाच कुलुपं. एका आयसोलेटरला जास्त कुलुपं लावता यावीत म्हणून भोकांची पकड मिळते, ती वापरा. सुपरवायझरचं एक कुलूप सगळ्यांसाठी, ही पद्धत मला मान्य नाही. नुसता टॅग, म्हणजे ‘चालू करू नका’ अशी अडकवलेली चिठ्ठी, तर अजिबात नाही, कारण टॅग कोणालाही अडवू शकत नाही.

५. साठलेली ऊर्जा काढा. सगळं अडतं ते इथे.

बरीच वर्षं माझी समजूत होती की कुलूप लागलं म्हणजे काम झालं. एकदा पॅकिंग मशीनच्या पुशरपुढे (खोके पुढे ढकलणारा भाग) खोका अडकला. मेन ऑफ, कुलूप लावलेलं, हवेचा व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्यावर. मी खोका ओढला आणि त्याच क्षणी पुशर सुटून पुढे आला. डाव्या हाताचं मधलं बोट पुशरची प्लेट आणि फ्रेममध्ये सापडलं. त्या बोटाचं टोक आजही पूर्ण वाकत नाही.

झालं होतं ते असं. पुशरला हवेच्या जोराने ढकलतो तो सिलेंडर. पॉवर गेल्यावर त्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत आला आणि दोन्ही वाटा बंद झाल्या. हवा सिलेंडरमध्येच कोंडली. मी पाहिलेला गेज त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, मशीनच्या तोंडाशी होता. तो खरंच सांगत होता, पण लाइनचं. सिलेंडरबद्दल त्याला काही कळत नव्हतं. १०० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर ६ बार प्रेशरच्या हवेवर पावणेपाचशे किलोच्या आसपास जोर लावतो. तो सगळा जोर खोक्यावर टेकून उभा होता आणि मी खोका काढला.

म्हणून आधी आधार, मग प्रेशर, आणि मगच अडकलेली वस्तू. हा क्रम उलटू देऊ नका. वर उचललेल्या रॅमखालचं (प्रेसचा वरखाली होणारा जड भाग) तेल किंवा उभ्या सिलेंडरमधली हवा आधी सोडलीत, तर वजन खाली येतं. त्या वजनाला पेलेल असा लोखंडी स्टँड किंवा सेफ्टी पिन आधी लावा. हायड्रॉलिक जॅक म्हणजे आधार नव्हे, त्याचं सील कधीही सुटू शकतं. आधार लागला की हवा ड्रेनमधून हळूहळू सोडा. प्रेशरखालची फिटिंग पान्याने सैल करू नका. ड्रेन उघडा तो उघडाच ठेवा, कारण मेन व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असेल तर लाइन पुन्हा भरते.

हायड्रॉलिक मशीनवर अॅक्युम्युलेटर आहे का ते शोधा. पंप बंद झाला तरी तो तेलाला प्रेशरखाली धरून ठेवतो. गळती बोटाने चाचपू नका, बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, दुखत नसलं तरीही.

विजेतही साठा असतो. व्हीएफडी ड्राइव्हमधले (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) कपॅसिटर सप्लाय गेल्यावर काही मिनिटं भरलेले राहतात. ४०० व्होल्ट तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये तो डीसी साडेपाचशे व्होल्टच्या वर असतो. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ पूर्ण होऊ द्या, आणि नंतर मीटरने मोजा. याशिवाय ताणलेल्या स्प्रिंगा, फिरत राहिलेलं फ्लायव्हील, कन्व्हेयरचा पट्टा ताणून धरणारं वजन हेही बघा.

६. खात्री करा. वीज तपासण्याचं काम वायरमनचं. मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर फेज-फेज आणि फेज-अर्थ मोजायचं, आणि पुन्हा चालू सप्लायवर. हे शेवटचं बरेच जण गाळतात, पण मधेच मीटर बिघडला तरी तो शून्यच दाखवतो. त्यानंतर सगळ्यांना बाजूला करून स्टार्ट बटण दाबून बघा, आणि स्विच परत ऑफला आणा.

७. काम झालं की हत्यारं मोजा, गार्ड बसवा, आधार काढा, माणसं मोजा. प्रत्येकाने आपलं कुलूप आपल्याच हाताने काढायचं. शिफ्ट बदलताना येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं नंतर निघतं. कोणी कुलूप लावून घरी गेला असेल तर कटर आणण्याआधी त्याला फोन करा आणि तो आवारात नाही हे स्वतः बघून या. मशीनच्या मागे, खाली, टाकीच्या आतही. मग सुपरवायझरच्या सहीने कुलूप कापा, आणि तो माणूस पुन्हा कामावर आला की आत शिरण्याआधी त्याला हे सांगा.